तुरुंगाची तपासणी कोणी करायची?



दोस्तांनो, सूरह यूसुफ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम निर्दोष असताना कैदेत पडले. सोबतचा कैदी सुटला, पण राजापाशी त्यांचा विषय काढायला विसरला. त्यात काही वर्षं गेली. पुढे राजाचं बोलावणं आलं, तेव्हा ते लगेच बाहेर पडले नाहीत. आधी प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी पाठवला.

कैद्याचे आजचे प्रश्नही हेच आहेत. बाहेर त्याची आठवण कोण ठेवतं? आणि चौकशी कोण करतं?

एनसीआरबीची २०२२ची आकडेवारी बघा. देशातल्या तुरुंगांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार, आत माणसं ५ लाख ७३ हजार. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. २०११च्या जनगणनेत मुस्लिम १४.२ टक्के होते. कच्च्या कैद्यांमध्ये आपलं प्रमाण त्याहून जास्त आहे. दलित आणि आदिवासींचंही तसंच. म्हणून हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा करू नका. तो गरिबांचा आहे, जामिनाचे पैसे आणि वकील नसलेल्यांचा आहे.

तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रात कारागृह विभाग गृहखात्याखाली येतो आणि त्याच्या प्रमुखपदी पोलीस सेवेतला अधिकारी असतो. अटक करणारं आणि कोठडीची किल्ली सांभाळणारं खातं एकच. अधिकारी चांगले असोत की वाईट, आतली तक्रार आतच फिरते. २०१७ साली भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि कारागृहाच्या कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. आतल्या बायकांनी आवाज उठवला, म्हणून प्रकरण बाहेर आलं. एखाद्या कैद्याचा जीव अशा धाडसावर अवलंबून असावा का?

न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे नाव लक्षात ठेवा. ते उर्दूचे शायरही होते. १९८० ते १९८३ या काळात त्यांच्या समितीने देशभरच्या तुरुंगांचा अभ्यास केला. तुरुंगांसाठी वेगळी अखिल भारतीय सेवा असावी आणि कायमस्वरूपी राष्ट्रीय कारागृह आयोग असावा, अशा शिफारशी केल्या. चाळीस वर्षं उलटली, दोन्ही झालं नाही. १८९४च्या इंग्रजी कायद्याच्या जागी केंद्राने २०२३ साली आदर्श कायदा तयार केला, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांच्या हाती आहे.

इंग्लंडमध्ये तुरुंगांसाठी वेगळा मुख्य निरीक्षक असतो. तो न कळवता तुरुंगात जाऊ शकतो आणि त्याचा अहवाल लोकांसमोर येतो. आपल्याकडे अभ्यागत मंडळाची तरतूद आहे, त्यात अशासकीय सदस्यही असतात. पण अनेक ठिकाणी नेमणुका रखडतात, भेटी कागदावर राहतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीनुसार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. हा भेद अजून चालतो का, हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणावर आणि याच अभ्यागत मंडळांवर टाकली. मंडळच नसेल तर पाहणार कोण?

मग आपण काय करायचं? माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाचं अभ्यागत मंडळ नेमलं आहे का, शेवटची भेट कधी झाली, शेऱ्यांवर काय कारवाई झाली, हे विचारा. विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, हे मोहल्ल्यात सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ समजून घ्या. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचं कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले लोक यातून वगळले आहेत. बाकीच्यांची यादी कोणी तपासली, हे विचारणारं कोणीतरी बाहेर हवं.

सुटलेला सोबती विसरला होता. आपण विसरायला नको.