ई-पुस्तक घेताना

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात, बडोदे येथे केलेले भाषण)



"कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही, मग ई-पुस्तकाला एवढे पैसे कशाचे?" आपल्या वाचनालयात हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, विक्रेत्याचा वाटा हे सगळे पडद्यावरच्या पुस्तकालाही लागतेच. शिवाय कर. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. ज्यांची छापील आवृत्ती निघाली आहे अशा ई-पुस्तकांवरचा कर २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढाच दिलासा.

मला खटकते ते दुसरेच. त्या पैशांत बहुतेक वेळा पुस्तक आपल्या मालकीचे होत नाही, वाचायची परवानगी तेवढी मिळते. छापील पुस्तक शेजारच्या वहिनींना देता येते, नातवाच्या नावाने ठेवता येते. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले, हे खरे. पण घरातल्या कपाटातून असे कोणी पुस्तक नेऊ शकेल का? सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन साहेबांना बोलावून ग्रंथालये उभी केली, पेट्या भरभरून पुस्तके खेड्यांत धाडली. त्या गावात राहून उसने देता न येणारे पुस्तक घ्यायचे म्हणजे जरा जड जाते. म्हणून माझे मत असे, की संग्रही ठेवायचे ते कागदावर घ्या आणि एकदा वाचून सोडायचे ते ई-पुस्तक, तेही स्वस्त असेल तेव्हा.

आता यंत्र. केवळ वाचनासाठीचे, ई-इंक पडद्याचे साधे यंत्र पुरे. डोळ्यांवर थेट प्रकाश येत नाही, बॅटरी कित्येक दिवस टिकते आणि मध्येच व्हॉट्सॲप वाजत नाही! जास्त साठवणुकीसाठी जादा पैसे मोजू नका. कमीत कमी जागेतही हजारभर पुस्तके सहज मावतात.

आपली खरी अडचण जुन्या मराठी पुस्तकांची. ती बहुधा पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ असतात. फोटोतले अक्षर एकटे मोठे होत नाही, अख्खे पानच मोठे होते आणि ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची पडद्यावर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते; दहा पानांत माणूस कंटाळतो. असे वाचन जास्त असेल तर दहा इंची पडदाच बघा, महाग पडला तरी. नव्या पुस्तकांची ईपब फाइल असेल तर लहान यंत्रावरही अक्षर हवे तेवढे मोठे करता येते.

घेण्याआधी त्यावर एक मराठी पुस्तक उघडून पाहा. 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍या' नीट उमटतात का, जोडाक्षरे तुटतात का, ते तपासा. वाचनालयातले यंत्र शनिवारी संध्याकाळी हाताळायला ठेवलेले असते. येताना चष्मा आणा.