निरोप आणि प्रतीक्षा



गिरणींत दळण टाकून कोणी शहाणी गृहिणी पट्ट्याकडे पाहत उभी राहत नाहीं. तेवढ्यांत ती भाजी घेऊन येते. मात्र पीठ हातीं पडल्यावांचून तिला कणीक भिजवितां येत नाहीं. महागणकांच्या जगांतहि नेमका हाच व्यवहार चालतो.

हवामानाच्या अंदाजासारखें प्रचंड गणित एका गणकाच्यानें वेळेंत आटोपत नाहीं. म्हणून नकाशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका गणकाकडे सोंपवितात. प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र. शेजाऱ्याचे आंकडे हवे असल्यास ते निरोपानेंच मागवावे लागतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला 'परम ८०००' याच पद्धतीचा होता. या देवघेवीचे नियम पुढें १९९४ सालीं 'एमपीआय' या नांवानें प्रसिद्ध झाले.

साध्या पद्धतींत दोन शेजारी एकाच वेळीं एकमेकांस मोठे निरोप धाडूं लागले आणि घेण्यास कोणीच मोकळा नसला, तर दोघेहि कायमचे अडून बसतात. यावर उपाय म्हणजे न थांबणारा निरोप. 'आयसेंड' ही पाठविण्याची वर्दी, 'आयरिसीव्ह' ही घेण्याची. वर्दी देतांच गणकाच्या हातीं एक चिठ्ठी पडते. मग तो तुकड्याच्या मधल्या भागाचें गणित उरकतो, कारण त्यास शेजाऱ्याची गरज नसते. तें झालें कीं चिठ्ठी दाखवून 'वेट' म्हणतो, म्हणजे काम पुरें होईपर्यंत थांबतो. आणि त्यानंतरच सीमेवरचें गणित हातीं घेतो. थांबावयाचें नसेल तर 'टेस्ट' म्हणून नुसती चौकशी करितां येते. अनेक चिठ्ठ्यांसाठीं 'वेटऑल' आहे.

येथें दोन पथ्यें आहेत. पहिलें असें कीं, काम पुरें झाल्याची खात्री होईपर्यंत पाठविलेले आंकडे बदलूं नयेत, आणि येणाऱ्या आंकड्यांच्या जागेला हात लावूं नये. हें पथ्य मोडलें तर यंत्र तक्रार करीलच असें नाहीं. सीमेवर जुनेच आंकडे वापरले जातात, चूक पायरीपायरीनें आंत शिरते, आणि नीटनेटका दिसणारा पण खोटा नकाशा हातीं येतो. निरोप लवकर आला त्या दिवशीं उत्तर बरोबर, उशिरा आला त्या दिवशीं चुकीचें. त्यामुळें दोष शोधणेंहि महाकठीण. ज्या नकाशावरून वादळाचा मार्ग सांगावयाचा, तेथें ही हयगय परवडणारी नाहीं.

दुसरें पथ्य समजुतीचें आहे. पाठविणाऱ्याचा 'वेट' पुरा झाला म्हणजे शेजाऱ्यास निरोप मिळाला, असें समजूं नये. आपली जागा पुन्हा वापरण्यास मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. पत्र पेटींत पडलें कीं आपले हात मोकळे होतात. तें वाचलें गेलें असें होत नाहीं.

उलटपक्षीं, वर्दी दिल्याबरोबर 'वेट' म्हणणारा साऱ्या सोयीचा लाभच गमावतो.

आपल्या घरांतील तरुण मंडळी हें शास्त्र शिकत असतील, तर त्यांस एवढेंच विचारा: चिठ्ठ्या किती घेतल्या, किती मिटविल्या, आणि मधल्या वेळांत काम कोणतें केलें? हीं तीन उत्तरें चोख मिळालीं, कीं पुढचें गणित तपासावयास घ्यावें.