याला हात किती दिलेत?



माझे मामा रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईतल्या इमारती रंगवल्या. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनावरून ते कितीदा गेले असतील, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मी आग्रह धरला, तेव्हा म्हणाले, "अगं, तिकीट केवढ्याचं? आणि मला काय कळणार त्यातलं?"

तिकीट नसतंच. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून 1952 साली उभं राहिलेलं हे दालन सगळ्यांना मोफत खुलं आहे. तरी दाराशी मामा थबकले आणि चपला काढायला वाकले.

आत अमूर्त चित्रांचं प्रदर्शन होतं. एका मोठ्या राखाडी कॅनव्हासजवळ मामा गेले आणि बाजूला सरकून, तिरप्या उजेडात त्याचा पृष्ठभाग न्याहाळू लागले. भिंत नीट उतरली की नाही, हे रंगारी असंच पाहतात. मग त्यांनी मोठ्यानं विचारलं, "याला हात किती दिलेत? खाली लांबी भरलीय का?"

कोपऱ्यात बसलेले चित्रकार उठून आले. जहांगीरमधलं मला सर्वांत आवडतं ते हेच, आठवडाभराच्या प्रदर्शनात चित्रकार बहुधा स्वतः हजर असतो. "काका, अकरा हात आहेत," ते म्हणाले. आधी पिवळा लावला, वाळू दिला, त्यावर राखाडी चढवला आणि ओला असतानाच पात्यानं खरवडला. दोघं अर्धा तास बोलत होते. परतताना गाडीत मामा म्हणाले, "त्यानं पिवळा झाकलाय, पण मारला नाही." त्या चित्राबद्दल याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

सामान्य माणसाला आजची कला कळत नाही, हे म्हणूनच मला मान्य नाही. अडतं ते दुसरीकडेच. त्याच दिवशी आम्ही आणखी एका दालनात गेलो. चित्रांखालच्या चिठ्ठ्या फक्त इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी, टेकायला साधं स्टूल नाही. मामा पाच मिनिटांत बाहेर आले. त्यांचा तिथं कुणी अपमान केला नव्हता, पण त्यांच्याशी कुणी बोललंही नव्हतं.

यावरचे उपाय महागडे नाहीत. चार ओळी मराठीत, ठळक अक्षरांत. दोन खुर्च्या. दाराशी पायरी असेल तर उतरण. आणि "या, बघा" म्हणणारं एक माणूस. चित्रकार मित्रांनो, पुढच्या प्रदर्शनाआधी एवढं कराच.

आणि श्रोतेहो, तुम्ही शिवणकाम करत असाल, सुतारकाम करत असाल, रांगोळी काढत असाल, तर तुमच्या कामातला प्रश्न घेऊन जा आणि बिनधास्त विचारा. जहांगीर सकाळी 11 ते संध्याकाळी 7 उघडं असतं. चपला काढाव्या लागत नाहीत.