आधी पाय बघा

दुबईच्या खाडीच्या टोकाला रास अल खोर अभयारण्य आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला आपण सगळेच तिथं जातो. थवा अचानक उडाला तर वर बघा. एखादा शिकारी पक्षी आलेला असू शकतो.

पण प्रत्येक शिकारी पक्षी ससाणा नसतो. पंख वर उचलून बोरूंवरून संथ तरंगतो तो दलदली भोवत्या. पाण्यात झेप घेऊन मासा उचलतो तो कैकर. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, डोळे गडद. हवेत एका जागी फडफडत राहिला तर खरुची. डोक्यावर काळी टोपी, गालावर जाड मिशी असेल तर बहिरी ससाणा.

आता माझी चूक सांगतो. एका हिवाळ्यात मी वहीत ‘सेकर ससाणा’ लिहून मोकळा झालो. रात्री फोटो मोठा करून पाहिला, तर पायात चामड्याची वादी! पक्षी पाळीव, मालकाकडून सुटलेला. इथं ससाण्यांचे संकरही पाळतात, म्हणजे जातीचीही खात्री नाही. पाळीव ससाण्यांना इथं २००२ पासून पासपोर्ट मिळतो. पण सुटलेला पक्षी काही तो चोचीत धरून फिरत नाही.

सेकर जगभर संकटात आहे. पाळीव पक्षी रानातले म्हणून मोजले, तर सेकर फक्त कागदावर वाढतील. म्हणून आधी पाय बघा, मग नाव लिहा. शंका असेल तर नुसतं ‘ससाणा’ लिहा. अपुरी नोंद चालेल, चुकीची नको.