सी-ए-टी की क्-ॲ-ट्?



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, तरी आज इंग्रजीवर बोलणार आहे. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि "आम्हाला कुठे येते?" म्हणत आपण पोरांना शिकवणीला धाडतो.

आपल्या 'क'चे नाव क, उच्चारही क. इंग्रजीत तसे नाही. 'सी-ए-टी'तून 'कॅट' कसे निघाले, हे पोराला कळावे कसे? मग ते बिचारे घोकत बसते. त्यापेक्षा अक्षराचा आवाजच शिकवावा: क्, ॲ, ट्, जोडून कॅट. आवाज मात्र पाय मोडून म्हणावा. 'क-ॲ-ट' म्हटले की जोडताना घोटाळा होतो. पाय मोडणे आपल्याला कोणी शिकवायला नको!

आधी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरे घ्यावीत. तेवढ्यांत सॅट, पिन, टॅप, टिन असे कितीतरी शब्द जुळतात. भाकऱ्या थापता थापता मी धाकट्याला विचारते, "प्, इ, न्, काय झाले रे?" पाटी-पेन्सिलही लागत नाही.

अक्षरे २६ आणि आवाज ४४च्या आसपास, तेव्हा ओढाताण व्हायचीच. 'नाइफ'मधला के गप्प बसतो. असले शब्द पाठच करून घ्यावेत.