झाडूपासून शोषखड्ड्यापर्यंत

(सरपंच, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



राजकारण, सार्वजनिक आरोग्य आणि कला ही तीन क्षेत्रे एरवी परस्परांपासून फटकून असतात. महाराष्ट्रात ती एकत्र आली ती एका खराट्यामुळे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, गावात शिरताच आधी रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या कीर्तनात पांडित्याला थारा नव्हता. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, दारू, पशुबळी, शिवाशिव या सर्वांची झडती त्या प्रश्नोत्तरांत होई. १९५६ साली वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शिक्षकांनी ते अवश्य ऐकावे. पुढे १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली.

शासनाने या परंपरेचा आधार घेतला तो २०००-०१ मध्ये. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. कामासाठी अनुदान नव्हते. श्रमदान गावाचे आणि बक्षीसही गावाचे. स्पर्धेपुरती रंगरंगोटी काही ठिकाणी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि उकिरडा आणि गटार हे विषय ग्रामसभेत आले, हे त्या अभियानाचे श्रेय होय. पुढे ग्रामपंचायतीच्या उमेदवारास घरी शौचालय असणे आणि त्याचा वापर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

तरीही २०११ च्या जनगणनेत राज्याच्या ग्रामीण भागातील सुमारे ३८ टक्के घरांतच शौचालय आढळले. स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ २०१४ साली झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. घोषणेनंतरचे काम मात्र जमिनीखालचे आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. तो भरला की चेंबरमध्ये त्याची वाट बंद करून दुसरा सुरू करावयाचा. खड्ड्याच्या भिंतीस जाळीदार विटा व तळ मातीचा ठेवल्याने पाणी जिरते. बंद खड्ड्यातील मैला दीड-दोन वर्षांत कुजून कोरडे, गंधहीन खत होते. रोगजंतूही नाहीसे होतात. पण अनेक ठिकाणी गवंडी तळाला सिमेंटचा कोबा करतो, दोन्ही खड्डे एकापुढे एक जोडतो, किंवा घरमालकच मोठ्या टाकीचा हट्ट धरतो. खड्डा भरून वाहील आणि मग तो उपसावा लागेल, ही त्या हट्टामागची भीती. मात्र टाकी कधीतरी उपसावीच लागते. तीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आजवर तीत उतरत आला तो कोणत्या वस्तीतील माणूस, हे गावाला पुरते ठाऊक असते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करणाऱ्या बाबांना हा प्रश्न केवळ बांधकामाचा वाटला नसता.

अभियानाच्या पहिल्या वर्षांत बांधलेले खड्डे आता भरत आले आहेत. ते उघडायचे कोणी? फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्रीय स्वच्छता विभागाचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले व त्यांनी खत बाहेर काढले. निरनिराळ्या राज्यांतून आलेले अधिकारी तेथे उपस्थित होते. हातात घेतलेल्या त्या खताला वास नव्हता.