सॉफ्टवेअर कंपनीतील व्यवस्थापन : एक दीर्घ वाटचाल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या भंडारा जिल्ह्यातील मुलामुलींपुढे चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. आजचा विषय सॉफ्टवेअर कंपनीतील व्यवस्थापन हा आहे. पालक नेहमी दोन प्रश्न विचारतात. मुलगा बारावी झाला, आता मॅनेजर होण्यासाठी त्याला कोठे घालावे? आणि इतकी वर्षे शिकवून शेवटी हाती काय लागेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घरची मिळकत मोजकी असेल तर मुलाच्या शिक्षणाचे प्रत्येक वर्ष आईबापाला मोजूनच द्यावे लागते. म्हणून या प्रश्नांना गुळगुळीत उत्तर न देता काही माणसांच्या प्रत्यक्ष कारकिर्दी मी आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे काम म्हणजे काय, ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी हज किंवा उमऱ्यासाठी पासपोर्ट काढला असेल. २००८ साली परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस या कंपनीकडे सोपविले. पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी आणि सी असे तीन काउंटर लागतात. ए काउंटरवर कंपनीची माणसे कागद तपासून घेतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी आणि सी काउंटरवर सरकारी अधिकारी असतात, कारण पासपोर्ट मंजूर करण्याचा अधिकार शासनाचाच आहे. त्यानंतर पोलिसांची चौकशी होते आणि शेवटी पोस्टाने पासपोर्ट घरी येतो.

आता विचार करा, असा प्रकल्प चालविणाऱ्या व्यवस्थापकाला काय काय समजले पाहिजे? संगणकाची आज्ञावली तर हवीच. पण सरकारी फाइल कोणत्या टेबलावरून कोठे जाते, कोणता कागद कोठे अडतो, दिवसाला किती माणसे येतात, एका माणसाला किती मिनिटे लागतात, आणि खेड्यातून आलेल्या वृद्ध बाईला कोणती सूचना समजणार नाही, हेही कळले पाहिजे. शेकडो सहकाऱ्यांकडून ठरल्या मुदतीत काम पुरे करून घ्यावे लागते, आणि चूक झाली तर ग्राहकासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. तुमसरच्या भात गिरणीतला जाणता माणूस जसा धानाची जात, ओल, यंत्र आणि मजूर या चारही गोष्टी ओळखून असतो, तसेच हे आहे. असा माणूस दोन वर्षांच्या पदविकेने तयार होत नाही. शिक्षणाने दार उघडते. पुढचे काम करता करताच शिकावे लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या नागपुरात जन्मलेल्या श्री. एस. रामदोराई यांचे आहे. त्यांचा जन्म १९४४ चा. दिल्ली विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून इलेक्ट्रॉनिक्स आणि अमेरिकेत संगणकशास्त्र, असे त्यांचे शिक्षण झाले. १९७२ साली ते टीसीएसमध्ये आले. कंपनी स्थापन होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. देशात संगणक मोजके होते आणि परदेशातून यंत्र आणायचे तर सरकारी परवाना लागे. कंपनीचे प्रमुख श्री. फकीरचंद कोहली हे स्वतः वीज क्षेत्रातून आलेले अभियंते होते. म्हणजे शिकविणारे आणि शिकणारे, दोघेही नव्या वाटेवरचेच.

रामदोराईंनी अभियंता म्हणून काम सुरू केले. १९७९ साली त्यांना न्यूयॉर्कला कंपनीचे कार्यालय उभारण्यासाठी पाठविण्यात आले. भारतातली कंपनी अमेरिकेतल्या मोठ्या उद्योगांसाठी सॉफ्टवेअर लिहील, यावर विश्वास बसावा असा तो काळ नव्हता. १९९६ साली, म्हणजे चोवीस वर्षांच्या कामानंतर, ते कंपनीचे प्रमुख झाले. तेव्हा कंपनीत काही हजार माणसे होती. २००९ साली त्यांनी ते पद सोडले, तेव्हा ही संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली होती. मधल्या काळात, २००३ साली, एक अब्ज डॉलर वार्षिक उलाढाल गाठणारी ती पहिली भारतीय सॉफ्टवेअर कंपनी ठरली आणि २००४ साली तिचे समभाग बाजारात आले. २००६ साली रामदोराईंना पद्मभूषण मिळाले. पुढे देशातील तरुणांच्या कौशल्यविकासाच्या कामातही त्यांनी जबाबदारी घेतली.

विद्यार्थी मित्रांनो, यातली चोवीस वर्षे लक्षात ठेवा. ती प्रतीक्षेची वर्षे नव्हती. त्या वर्षांत त्यांनी यंत्र, ग्राहक, परदेश आणि माणसे एकामागून एक समजून घेतली. एकाच कंपनीत राहूनही त्यांचे काम पुन्हा पुन्हा बदलत गेले.

कोणी म्हणेल, आमची मुले मराठी किंवा उर्दू शाळेत शिकलेली, त्यांचा तेथे काय निभाव लागणार? त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण देतो. रामदोराईंच्या नंतर कंपनीचे प्रमुख झालेले श्री. एन. चंद्रशेखरन हे तामिळनाडूतील मोहनूर या गावच्या शेतकरी घरातले. त्यांचे शालेय शिक्षण गावच्या तामीळ माध्यमाच्या सरकारी शाळेत झाले. पुढे त्यांनी तिरुचिरापल्लीच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून एम.सी.ए. केले आणि १९८७ साली टीसीएसमध्ये लागले. २००९ साली ते प्रमुख झाले आणि २०१७ साली टाटा सन्सचे अध्यक्ष. मातृभाषेत घेतलेले शिक्षण त्यांना आड आले नाही. इंग्रजी मात्र शिकावे लागते, हे मी लपवीत नाही. पण गणित पक्के आणि मातृभाषेत विचार स्वच्छ असला, की इंग्रजी पुढे मेहनतीने येते.

मुलींच्या पालकांसाठी तिसरे नाव सांगतो. श्रीमती आरती सुब्रमणियन याच कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाल्या. अनेक वर्षे तेथे निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांभाळून, मध्यंतरी टाटा सन्समध्ये काम करून, २०२५ साली त्या टीसीएसच्या अध्यक्ष आणि मुख्य कार्यचालन अधिकारी झाल्या. दाखल होताना त्या शिकाऊच होत्या. आपल्या मुलीला ती पहिली पायरी चढू देणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

जनाब अझीम प्रेमजी यांचे नाव या सभेत निघणे साहजिक आहे. त्यांची वाट निराळी होती, कारण कंपनी घरचीच होती. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्याने विप्रोची सुरुवात झाली. १९६६ साली वडिलांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींना अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. तूप आणि साबणाची कंपनी त्यांनी पुढे संगणकाकडे वळविली आणि २०१९ साली ते निवृत्त झाले. सुटलेली पदवी त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर पूर्ण केली. संपत्तीचा फार मोठा हिस्सा त्यांनी शिक्षणासारख्या कामासाठी दिला. ज्याला वारशाने खुर्ची मिळाली त्यालाही शिक्षण पुरे करावेसे वाटले, ही गोष्ट आपल्या मुलांनी मनात ठेवावी.

आता नाण्याची दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कपात जाहीर केली. त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरची माणसे प्रामुख्याने होती. आज आज्ञावली लिहिण्याचे बरेचसे काम यंत्रच करू लागले आहे. तेव्हा एकदा चिकटलो की निवृत्तीपर्यंत निर्धास्त, अशी ही नोकरी राहिलेली नाही. केवळ हजेरी आणि अहवाल गोळा करणारा व्यवस्थापक आता कोणालाच नको आहे. ग्राहकाची अडचण समजणारा, हिशेब जाणणारा, सहकाऱ्यांना पुढे आणणारा आणि पन्नाशीतही नवे शिकणारा माणूस मात्र लागणारच. धोका आहे म्हणून शिक्षणच सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. धोका कमी शिकलेल्यालाच अधिक आहे.

मग आपण काय करावे? दहावीनंतर गणिताला भिऊन पळू नका. पॉलिटेक्निक, बी.सी.ए., बी.एस्सी. आणि त्यापुढे एम.सी.ए. किंवा अभियांत्रिकी, यातली कोणतीही वाट चालते. ती पुरी करा. वडिलांचे दुकान असेल तर सुटीत त्याचा हिशेब लिहा, उधारी का अडते आणि माल का पडून राहतो ते पाहा. व्यवस्थापनाचा तो पहिला धडा आहे आणि त्याला फी लागत नाही. रोज एक पान स्वच्छ मराठीत किंवा उर्दूत आणि एक इंग्रजीत लिहा. वर्गातले काम चार मित्रांत वाटून वेळेवर पुरे करून दाखवा.

पालकांना माझी विनंती एवढीच, की मुलामुलींना शिक्षणाची तीन-चार वर्षे पुरी द्या. बारावीनंतर लगेच हाती येणारा पगार मोहात पाडतो, पण तो बहुधा तेथेच थांबतो. मुलीला दूर पाठविण्याचा धीर होत नसेल तर नागपूर आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरच आहे आणि तेथील मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल या कंपन्यांची कार्यालये आहेत. त्या कार्यालयांत उद्या आपल्या शाळेतली मुले आणि मुली शिकाऊ म्हणून जावोत, आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यापैकीच कोणी या व्यासपीठावरून आपला अनुभव सांगो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.